कपाटातील कॅसेट आणि उतारवयातील श्रवण

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात एका सेवानिवृत्त शिक्षकांनी केलेले भाषण)



चालकमंडळींनी यंदा आम्हांस दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आमच्या सवयीप्रमाणे आम्ही ‘मुलांचे अक्षर कसे सुधारावे’ हा विषय सुचविला. परंतु चिटणीसांनी हसून सांगितले की, गुरुजी, हा विषय आपण मागे दोनदा मांडला आहे. या खेपेस त्या रविवारच्या गाण्यांविषयी बोला. म्हणून आज आम्ही एका अगदी निराळ्या विषयावर बोलण्यास उभे आहोत. तो विषय म्हणजे साठीनंतर आम्हांस लागलेली पाश्चात्त्य रॉक व इलेक्ट्रॉनिक संगीताची गोडी. मॅट्रिक होऊन प्राथमिक शिक्षकाच्या पेशात शिरलेल्या आणि बेचाळिसाव्या वर्षी चष्मा लागेपर्यंत नाट्यगीतापलीकडे न गेलेल्या माणसाने या विषयावर बोलावे, याचे कोणास हसू आले तर त्यात नवल नाही. आम्हांसही प्रथम ते आलेच होते.

आरंभी ‘अल्बम’ या शब्दाविषयी थोडे सांगितले पाहिजे. आपल्या घरांत अल्बम म्हणजे लग्नाच्या छायाचित्रांची वही. गाण्याच्या अल्बमचे नावही त्या वहीवरूनच पडले आहे. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूस तीन-चार मिनिटांचेच ध्वनिमुद्रण मावे. मोठी रचना असली तर अनेक तबकड्या लागत, आणि त्या पुठ्ठ्याच्या वहीत छायाचित्रांप्रमाणे ओळीने घालून विकल्या जात. १९४८ साली अमेरिकेत दीर्घ तबकडी निघाली, एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक गाणे मावू लागले, वही गेली आणि नाव तेवढे राहिले. पुढे १९६० नंतरच्या दशकात कलावंतांच्या ध्यानी आले की, या चाळीस मिनिटांत सुटी गाणी न भरता आरंभ, मध्य व अंत असलेली एक सलग कृतीच रचता येईल. तेव्हा चांगला अल्बम म्हणजे गाण्यांची पिशवी नव्हे. तो अध्यायांचा ग्रंथ आहे, आणि ग्रंथ मधूनच उघडून दोन ओळी वाचून मत देणे जसे अन्यायाचे, तसेच येथेही.

हा अन्याय आम्ही स्वतः केला, आणि तो आमच्याच घरी केला. त्याचीच हकीकत आज सांगावयाची आहे.

१९९९ सालच्या डिसेंबर महिन्यातील गोष्ट. आमचे चिरंजीव दहावीच्या वर्गात होते. परीक्षा तीन महिन्यांवर आली होती. एके रात्री त्यांच्या अभ्यासाच्या टेबलाच्या खणात आम्हांस एक इंग्रजी कॅसेट सापडली. काळे वेष्टन, त्यावर एक त्रिकोण. लहान टेपरेकॉर्डरवर लावून पाहिली, तो घड्याळांचा कल्लोळ आणि आरडाओरड कानी आली. अर्ध्या मिनिटात आम्ही बटन दाबून ती बंद केली. “हे पैसे कोठून आणलेस?” असे आम्ही विचारले आणि उत्तराची वाट न पाहता कॅसेट लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात टाकून कुलूप लावले. परीक्षेनंतर परत देऊ, असे त्या वेळी मनात होते. परीक्षा झाली, निकाल उत्तम लागला, चिरंजीव शिक्षणासाठी पुण्यास गेले, आणि कॅसेट कपाटातच राहिली. तिच्याविषयी त्यांनी पुन्हा कधी शब्दही काढला नाही. मात्र त्या दिवसापासून संगीताविषयीही ते आमच्याशी बोलले नाहीत. हे आमच्या ध्यानात येण्यास वीस वर्षे लागली.

२०१९ च्या दिवाळीपूर्वी घराची साफसफाई करताना ती कॅसेट पुन्हा हाती आली. या खेपेस चष्मा लावून आम्ही वेष्टन पाहिले आणि थक्क झालो. छत्तीस वर्षे फळ्यावर जे चित्र आम्ही खडूने काढीत आलो, तेच ते होते. पांढऱ्या प्रकाशाचा किरण काचेच्या लोलकात शिरतो आणि पलीकडून रंगांचा पट्टा बाहेर पडतो! ‘तानापिहिनिपाजा’ हे सूत्र आपणा सर्वांस पाठ आहेच. शिक्षकाच्या सवयीने आम्ही रंग मोजले. सातऐवजी सहाच भरले; पारवा रंग चित्रकाराने गाळला होता. एक गुण कापावा असे क्षणभर वाटले. परंतु लगेच मनात आले की, ज्या कॅसेटवर विज्ञानाचा पाठ छापला होता, तीच आपण अभ्यासाच्या नावाखाली जप्त केली. गुण कोणाचे कापावयाचे?

२०२० च्या मार्च महिन्यात आठ दिवसांसाठी म्हणून आम्ही उभयता पुण्यास चिरंजीवांकडे गेलो आणि टाळेबंदीमुळे तेथेच अडकलो. कॅसेट पिशवीत नेली होती. परंतु ती देण्याचे धैर्य काही होईना. शेवटी आमच्या नऊ वर्षांच्या नातीनेच पिशवी उचकली आणि सर्वांसमक्ष विचारले, “आजोबा, हे काय असते?” तिने कॅसेट म्हणून कधी पाहिलीच नव्हती. चिरंजीवांनी ती हातात घेतली, उलटसुलट केली. फितीस बुरशी आली होती, आणि घरात ती वाजविण्याचे यंत्रही नव्हते. ते काही वेळ गप्प राहिले आणि मग एवढेच म्हणाले, “बाबा, ऐकायची आहे का? पण पूर्ण ऐकावी लागेल.”

त्या रात्री जेवणे आटोपल्यावर गॅलरीत दोन खुर्च्या टाकून, मोबाइलला लहानसा ध्वनिवर्धक जोडून, आम्ही ती कृती आरंभापासून अखेरपर्यंत ऐकली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. पिंक फ्लॉइड या इंग्रज वाद्यवृंदाचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा तो अल्बम. मार्च १९७३ मध्ये तो प्रसिद्ध झाला, आणि १९७३ ते १९८८ या काळात अमेरिकेतील खपाच्या यादीत एकूण ७४१ आठवडे टिकून राहिला. हृदयाच्या ठोक्यांनी तो सुरू होतो आणि हृदयाच्या ठोक्यांवरच संपतो. मध्ये माणसाचे सगळे आयुष्य आहे: धावपळ, हातून निसटणारा काळ, पैसा, भांडणे, वेड आणि मरण. ज्या घड्याळांच्या कल्लोळाला आम्ही गोंगाट म्हटले होते, तो काळाविषयीच्या गाण्याचा आरंभ होता. ती घड्याळे ध्वनिमुद्रकाने जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन एकेक वेगळी मुद्रित केली होती. वय वाढते आहे आणि आपण आरंभ केव्हा करावयाचा हे कोणी सांगितलेच नाही, असा त्या गाण्याचा आशय. आम्ही १९९९ साली आणखी दोन मिनिटे थांबलो असतो, तर दहावीच्या मुलास यापेक्षा अधिक उपयुक्त उपदेश आम्हीही करू शकलो नसतो!

ऐकणे संपल्यावर चिरंजीवांनी वीस वर्षांपूर्वीच्या आमच्या प्रश्नाचे उत्तर दिले. दिवाळीच्या सुट्टीत मित्राकडे अभ्यासास जातो असे सांगून ते किराणा दुकानात पुड्या बांधावयास जात होते. ते त्या मजुरीचे पैसे होते. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आणि त्यामुळेच ते आम्हांस अधिक लागले. वर्गात चुकीचे उत्तर देणाऱ्या मुलास आम्ही बरोबर उत्तर पाच वेळा लिहावयास लावीत असू. आमची चूक आम्ही त्या रात्री चिरंजीवांपाशी कबूल केली. आज आपणां सर्वांसमक्ष ती दुसऱ्यांदा करीत आहोत. उरलेल्या तीन वेळा सवडीने करू.

या अल्बममध्ये एका गायिकेचा शब्दांवाचूनचा आलाप आहे. क्लेअर टोरी हे त्या बाईंचे नाव. मृत्यूविषयीच्या या तुकड्यासाठी त्यांस एका वेळेपुरते बोलाविले होते आणि ३० पौंड मेहनताना दिला होता. त्यांच्या गळ्यातून जे उमटले, ते जगाने पन्नास वर्षे ऐकले. परंतु रचनेचे श्रेय मात्र त्यांस नव्हते. २००४ साली त्या न्यायालयात गेल्या आणि २००५ साली तडजोड होऊन संगीतकार म्हणून त्यांचे नाव जोडले गेले. श्रेय उशिरा दिले तरी द्यावे, हा धडा आम्हांस त्या रात्री दोन्ही अंगांनी मिळाला.

पुढील तीन महिन्यांत चिरंजीवांनी आम्हांस रोज रात्री एक याप्रमाणे पुष्कळ अल्बम ऐकविले. गावी परतल्यावर मात्र आम्हांस एकट्याने ऐकणे गोड लागेना. म्हणून २०२२ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सायंकाळी, मंडळाच्याच वाचनालयाच्या खोलीत, आम्ही काही समवयस्क एकत्र बसू लागलो. नियम चारच ठेवले. अल्बम पुरा आणि त्याच क्रमाने ऐकावयाचा. संपेपर्यंत कोणी बोलावयाचे नाही. ज्याने तो आणला त्याने नाव, साल व देश यांपलीकडे काही सांगावयाचे नाही. आणि न आवडल्यास तसे म्हणावे, पण हसू नये.

पहिल्या रविवारी अर्थात तोच लोलकाचा अल्बम लावला. आमचे एक स्नेही टपाल खात्यातून निवृत्त झालेले आणि भजनी मंडळात मृदंग वाजविणारे. पैशाविषयीचे गाणे लागताच त्यांची बोटे मांडीवर चालू लागली, आणि शेवटी ते म्हणाले, “गुरुजी, हे सातात आहे हो! आपला रूपक!” ते खरेच आहे. त्या गाण्याच्या आरंभी नाण्यांचा व गल्ल्याचा जो खणखणाट येतो, तो फितीचे तुकडे फुटपट्टीने मोजून, प्रत्येक आवाज एका मात्रेचा होईल असे जोडून तयार केलेला आहे. मधे गिटारीच्या वादनापुरती लय चारात जाते आणि पुन्हा सातावर येते. आम्ही वीस वर्षे ज्याला बेताल म्हणत होतो, त्यात ताल होता. तो मोजण्याइतका वेळ मात्र आम्ही दिला नव्हता.

दुसऱ्या खेपेस जर्मनीचा ‘ऑटोबान’ लावला. ड्युसेलडॉर्फ शहरातील क्राफ्टवर्क या मंडळीने तो १९७४ साली काढला. सिंथेसायझर म्हणजे विजेच्या मंडलांतून स्वर उत्पन्न करणारे वाद्य. त्याच्या आधारे त्यांनी मोटाररस्त्यावरील प्रवास उभा केला. एकच रचना बावीस मिनिटांहून अधिक चालते आणि तबकडीची एक बाजू व्यापते. आरंभी मोटारीचे दार लागते, यंत्र सुरू होते, भोंगा वाजतो. आमच्यात एस. टी.चे एक निवृत्त चालक आहेत. डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, “रात्रपाळीला घाट संपून सरळ रस्ता लागला की डोक्यात अगदी हेच वाजायचं. कुणाला सांगणार?” तीस वर्षे ज्या अनुभवास शब्द मिळाले नव्हते, त्यास परक्या देशातून स्वर मिळाले. संगीत वाटून घेण्याचा लाभ म्हणजे दुसरे काय?

ब्रायन इनो यांचा १९७८ सालचा ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्‌स’ हा अल्बम आम्हां गणित शिकविणाऱ्यांस विशेष प्रिय झाला. त्यातील एका रचनेत मानवी स्वरांच्या फितींची वर्तुळे फिरत राहतात. एक सुमारे साडेतेवीस सेकंदांनी परत येते, दुसरे सव्वीसच्या आतबाहेर, तिसरे तिसाच्या जवळपास. आणि लांबी जुळत नसल्यामुळे स्वरांची भेट दर वेळी निराळी होते. पाचवीच्या पुस्तकात असे: तीन घंटा अमुक अमुक मिनिटांनी वाजतात, तर त्या पुन्हा एकदम केव्हा वाजतील? लसावि काढा! हजारो मुलांकडून ते उदाहरण आम्ही सोडवून घेतले, पण त्या घंटा ऐकण्यात काही सुख असेल हे कधी मनात आले नाही.

आणखी एक अल्बम आपल्या मुंबईचा आहे, आणि तो सांगितल्यावाचून राहवत नाही. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात काम करणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली तीन जपानी विद्युत्-वाद्ये घेऊन भैरवी, ललत, यमन, मालकंस असे दहा राग नृत्याच्या ठेक्यावर बसविले. त्या वेळी ती तबकडी फारशी कोणी घेतली नाही. पुढे शिकागोतील तरुणांनी त्यांतील दोन वाद्यांसारख्याच वाद्यांवर जे नृत्यसंगीत काढले आणि जे १९८७ पासून जगभर गाजले, त्याच्याशी या अल्बमचे विलक्षण साम्य आहे. एका डच संग्राहकास ही विसरलेली तबकडी सापडली, २०१० साली ती पुन्हा निघाली, आणि सिंग यांना उतारवयात युरोपातील रंगमंचावर आपले राग वाजविण्याचा मान मिळाला. २०१५ साली ते निवर्तले. वर्षानुवर्षे कपाटात राहिलेली आमच्या घरापुरती एकच वस्तू नव्हती, असे त्या दिवशी वाटले.

सगळेच आम्हांस आवडते असे मात्र समजू नये. लू रीड यांचा १९७५ चा ‘मेटल मशीन म्युझिक’ हा अल्बम म्हणजे गिटारीच्या कर्कश प्रतिध्वनींचा तासाभराचा प्रवाह आहे. दहाव्या मिनिटास चहा आला, दिवे गेल्याचा पुकारा झाला, आणि बटन कोणी बंद केले ते आजवर उघड झालेले नाही. दिवे मात्र चालूच होते.

आता एक दुःखाची गोष्ट. २०२३ साली आमचे ते टपाल खात्यातील स्नेही अल्पशा आजाराने वारले. त्यानंतरच्या रविवारी काय लावावे, याचा कोणास निर्णय होईना. चिरंजीवांस विचारले, तेव्हा त्यांनी त्याच पिंक फ्लॉइडचा १९७५ चा ‘विश यू वेअर हिअर’ सुचविला. या वाद्यवृंदाच्या संस्थापकांपैकी सिड बॅरेट हे मनाच्या आजारामुळे १९६८ सालीच त्यातून बाहेर पडले होते. हा अल्बम पुष्कळसा त्यांच्या अभावाविषयीच आहे. त्यातील मुख्य रचना नऊ भागांची असून ती दुभंगून आरंभी व अखेरीस ठेवली आहे. जून १९७५ मध्ये त्याचे काम चालू असता बॅरेट स्वतःच अकस्मात तेथे येऊन उभे राहिले. देह स्थूल, डोके आणि भुवयाही भादरलेल्या. ज्यांच्यासाठी गीत रचले त्यांसच मित्रांनी प्रथम ओळखले नाही. एवढे आम्ही त्या दिवशी नियम मोडून आधी सांगितले आणि अल्बम लावला. त्यांची खुर्ची आम्ही नेहमीच्या जागी ठेवली होती. त्यांच्या सौभाग्यवतींनी आग्रहाने येऊन शेवटपर्यंत ऐकले. इंग्रजीचा एक शब्दही त्यांस येत नाही. त्या उठताना एवढेच म्हणाल्या, “ह्यांना आवडलं असतं.” आमच्या मंडळीत याहून नेमके परीक्षण अद्याप कोणी केलेले नाही.

आज त्या खोलीत चौदा माणसे बसतात, आणि त्यांपैकी पाच पंचविशीच्या आतील आहेत. तरुणांनी एक अल्बम आणावयाचा आणि पुढच्या महिन्यात वडीलधाऱ्यांनी एक, असा क्रम पडला आहे. आम्ही भीमसेन जोशी यांच्या अभंगांची ध्वनिमुद्रिका लावतो, तेव्हा ही मुले तितक्याच निमूटपणे ऐकतात. आपल्या आवडी मुलांनी घ्याव्यात म्हणून आपण जन्मभर उपदेश करतो. परंतु आमचा अनुभव असा की, त्यांची आवड आपण प्रथम शेजारी बसून ऐकली म्हणजे आपली आवड ती मागून घेतात.

बंधुभगिनींनो, आमची विनंती अगदी लहान आहे. येत्या सुट्टीत आपल्या घरातील मुलास, मुलीस अथवा नातवंडास विचारा, “तुला सर्वांत आवडता असा एक अल्बम मला ऐकव.” मग पाऊण तास बटनास हात लावू नका, आणि संपल्यावर प्रथम ‘हा काय धांगडधिंगा’ असे न म्हणता एखादा प्रश्न विचारा. न आवडले तरी हरकत नाही. मात्र प्रश्न विचारल्यावर उत्तराची वाट पाहा. आम्ही ती पाहिली नाही, आणि उत्तर हाती येण्यास वीस वर्षे लागली. तसेच आपल्या लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात एखाद्याची एखादी वस्तू ‘परीक्षेनंतर देऊ’ म्हणून राहिली असेल, तर परीक्षा केव्हाच संपली आहे. ती परत करून टाका.

आमची ती बुरशी आलेली कॅसेट आता पुण्यास चिरंजीवांच्या टेबलावर आहे. ती वाजत नाही. पण नातीने तिच्या वेष्टनावर पारवा रंगाची एक रेघ काढून सातवा रंग पुरा केला आहे. आम्ही तिला पुरे गुण दिले.